गीता चिंतन, अध्याय ६ : गुडघ्याखालची उशी



काल आपण सहाव्या अध्यायाचे पहिले दहा श्लोक पूर्ण केले. आज अकराव्यापासून चौदाव्यापर्यंत जायचं होतं. सकाळी साडेसहाला नेहमीसारखी पोथी उघडली, चहाचा कप बाजूला ठेवला, आणि अकराव्याच श्लोकावर अडकलो. गंमत म्हणजे हा श्लोक मी आजवर बहुतेक वेळा पळवतच वाचलाय. त्यात तत्त्वज्ञान काही नाही. बसायची जागा स्वच्छ असावी, आसन हलणारं नसावं, फार उंच नको, फार खाली नको, दर्भावर मृगाजिन, त्यावर वस्त्र. वाचताना वाटायचं, ठीक आहे देवा, सेटअप कळला, आता मेन मुद्द्यावर या.

पण गेल्या महिन्यात आईचा एमआरआय झाला, आणि तेव्हापासून हा श्लोक मला मेन मुद्दाच वाटायला लागलाय. म्हणून आज थोडं घरचं सांगतो.

आम्ही खारदांड्याचे. कोळीवाड्यातलं घर. आईने पस्तीस वर्षं खारच्या बाजारात मासळी विकली. पाटी उचलायची, उतरवायची, दिवसभर बसायचं, परत उचलायची. कंबर दुखते हे ती कधी बोललीच नाही, कारण दुखतेच ती, त्यात सांगायचं काय. दिवाळीनंतर मात्र डाव्या पायातली चप्पल चालता चालता निघून जायला लागली, आणि तिला कळायचंच नाही. मागून कुणीतरी हाक मारायचं, "मावशी, चप्पल राहिली." तेव्हा मी घाबरलो. हाडांच्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि सांगितलं, कमरेचा एमआरआय लवकर करा, नस किती दाबली गेलीय ते बघून ऑपरेशनचं ठरवू.

पहिला प्रयत्न फसला. कुठल्या सेंटरमध्ये ते सांगत नाही, कारण चूक त्यांच्यापेक्षा माझी जास्त होती. संध्याकाळची वेळ, बाहेर रांग. "सगळं काढा, पटकन." आईच्या गळ्यात एकवीरा आईचं चांदीचं पदक असतं. ते काढतानाच तिचा चेहरा उतरला होता, पण मी फोनवर होतो, रिलीज चालू होती. ती आत गेली. चार मिनिटांत तिने हातातला रबराचा फुगा दाबला. बाहेर काढलं, समजावलं, परत आत. या वेळी दहा मिनिटं राहिली, पण सपाट झोपल्यावर कंबरेतून कळ येते म्हणून दर मिनिटाला थोडी थोडी हलत राहिली. टेक्निशियनने काचेमागून मान हलवली. चित्रं धूसर आली होती.

मी आत गेलो आणि म्हणालो, "आये, वीस मिनिटं नुसतं पडून राहायचंय. एवढं पण जमत नाही?"

ती म्हणाली, "मना नाय जमाचा बाला. त्या नलीत जीव गुदमरतो माजा."

रिक्षात घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. आणि मी, जो रोज सकाळी तुम्हाला अभ्यास आणि वैराग्य यावर चार परिच्छेद लिहून पाठवतो, तो मी रात्री गच्चीवर जाऊन बसलो. खाली बांबूंवर बोंबील सुकत घातले होते, वारा होता, आणि मला माझंच वाक्य ऐकू येत होतं. एवढं पण जमत नाही?

हललं तर नेमकं काय बिघडतं

इंजिनियर असल्यामुळे दुसऱ्या दिवशी मी वाचत बसलो, की थोडं हलल्याने सगळंच चित्र का बिघडावं. फोटोत एक माणूस हलला तर तोच अस्पष्ट येतो, मागची भिंत नाही. मग इथे काय होतं?

एमआरआयचं चुंबक साधारण दीड टेस्लाचं असतं, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजारपट. आपल्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याचे अणुगर्भ या चुंबकात ठरावीक वेगाने डोलायला लागतात, आणि रेडिओ लहरीचा धक्का दिला की ते उलट एक बारीकसा संदेश पाठवतात. मशीन तो ऐकतं. पण मशीन फोटोसारखं एकेक ठिपका टिपत नाही. ते एकेक ओळ जमवतं, आणि प्रत्येक ओळीत संपूर्ण चित्राचा अंश असतो. सगळ्या ओळी जमल्या की गणित करून त्यातून चित्र काढतात. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी ज्याने आपल्याला रडवलं, तेच फूरियेचं गणित.

म्हणजे तुम्ही दोन सेकंद हललात, तर त्या दोन सेकंदांत आलेल्या ओळी बिघडतात, आणि प्रत्येक ओळ सगळ्या चित्रात मिसळलेली असल्यामुळे डाग एका कोपऱ्यात राहत नाही. तो सगळीकडे पसरतो. एकाच मणक्याच्या दोन-तीन पुसट सावल्या शेजारी शेजारी दिसतात. डॉक्टर बघणार काय, आणि ऑपरेशनचं ठरवणार काय.

हे वाचल्यावर मला आधी माझाच दिवस आठवला. सकाळच्या पाच मिनिटांच्या नामस्मरणात मी एकदा मोबाइल बघतो. वाटतं, दोनच सेकंद तर गेले. पण ते दोन सेकंद त्या दोन सेकंदांत राहत नाहीत. तो मेसेज उरलेल्या सगळ्या नामात मिसळतो, आंघोळीत मिसळतो, ट्रेनमध्ये मिसळतो. हे तुम्हालाही माहीत आहे, वेगळं सांगत नाही.

आणि एक गोष्ट. १९७७ च्या ३ जुलैला अमेरिकेत डॉ. रेमंड डॅमेडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या शरीराचा पहिला असा स्कॅन घेतला. छातीचा एक छेद. त्याला जवळजवळ पाच तास लागले. त्यांचा एक सहकारी तेवढा वेळ त्या यंत्रात बसून राहिला. आज कमरेचा पूर्ण स्कॅन अर्ध्या तासात होतो. मशीन इतकं पुढे गेलं, पण रुग्णाकडून मागणी तीच राहिली: जरा स्थिर राहा.

दुसऱ्यांदा

चार दिवसांनी दुसऱ्या सेंटरला गेलो. तिथली टेक्निशियन माझ्यापेक्षा लहान असावी. तिने पहिला प्रश्न मला नाही, आईला विचारला. "मावशी, मागच्या वेळी काय झालं?"

आई म्हणाली, कंबर दुखली आणि भीती वाटली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तोपर्यंत कळलंच नव्हतं. मी दोन्हीला मिळून "हलते" म्हणत होतो.

ताईने आधी नेहमीचे प्रश्न विचारले. पेसमेकर आहे का, अंगात कुठे क्लिप, रॉड, स्क्रू, दातांची कवळी, आधीचं कुठलं ऑपरेशन. मग दागिने. आईचा हात पदकावर गेला. ताई म्हणाली, "मावशी, हे मी काचेजवळच्या टेबलावर ठेवते. मी जिथे बसते तिथेच. तुमचं झालं की पहिलं तेच देते." आणि तिने ते दोन्ही हातांनी घेतलं. बस, एवढंच. आईने काढून दिलं.

मग कंबर. ताईने आईला आधी गुडघे वाकवून झोपवलं आणि गुडघ्यांखाली जाड, त्रिकोणी उशी सरकवली. गुडघे वर आले की कमरेची कमान सैल पडते आणि पाठ गादीला टेकते, मग स्नायूंना ताण देऊन अंग धरून ठेवावं लागत नाही. "आता दुखतंय?" "थोडा." उशी अजून दोन बोटं वर घेतली. "आता?" आईने मान हलवली, नाही. मग ब्लँकेट, कारण ती खोली थंड असते आणि थंडीने अंग शहारतं. कानात बोळे, वरून हेडफोन. हातात फुगा, आणि तो एकदा दाबून बघायला लावला. "हा दाबला की मी लगेच येणार. दाबला म्हणून कुणी रागावणार नाही." हे म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं, की मला तसं वाटलं, देव जाणे.

मग भीती. कमरेच्या स्कॅनला बहुतेक मशीनमध्ये पाय आधी आत घालता येतात, म्हणजे डोकं नळीच्या तोंडाजवळ राहतं. तिने तसंच केलं. मलाही प्रश्न विचारले, खिसे रिकामे करायला लावले, बेल्ट, घड्याळ, कार्ड, मोबाइल सगळं बाहेर, आणि कानात बोळे घालून आईच्या डोक्याशी उभं राहू दिलं. इथे ती जराही सैल सोडत नव्हती. ते चुंबक स्कॅन चालू नसतानाही चालूच असतं. २०१८ च्या जानेवारीत आपल्या मुंबईतच ऑक्सिजनचा सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेला गेला आणि एका तरुणाचा जीव गेला. म्हणून तुमच्या घरी कधी वेळ आली, तर टेक्निशियन चार वेळा तोच प्रश्न विचारतो म्हणून वैतागू नका.

शेवटचं तिने जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. प्रत्येक स्कॅनच्या आधी ती हेडफोनमधून सांगायची, "मावशी, आता चार मिनिटं. आवाज मोठा येईल." मग झाल्यावर, "छान. आता खोकायचं असेल तर खोका. पुढचं तीन मिनिटं." आईला अर्धा तास नव्हता धरायचा. चार मिनिटं धरायची होती. मग परत तीन.

आईने विचारलं, "देवाचा नाव घेतला तर चालेल?" ताई म्हणाली, "चालेल की. फक्त मनात. आणि श्वास नेहमीसारखा."

आवाज सुरू झाला. ठक ठक ठक ठक, मग घुर्रर्र. आत चुंबकाच्या लहान गुंडाळ्यांमधून वीज झटपट चालू-बंद होते, आणि मोठ्या चुंबकात त्या थरथरतात, त्याचा हा आवाज. माझा हात आईच्या कपाळावर होता. मला वाटलं, आता दाबते फुगा. पण तिचं कपाळ हळूहळू सैल पडत गेलं. बावीस मिनिटं. एकदाही नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, घाबरली नाहीस? ती पदक गळ्यात घालत म्हणाली, "तुज्या बाबांचा इंजिन असाच वाजाचा. लहानपनी तू त्याच आवाजात झोपाचास."

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. बोट त्याआधीच विकली.

आता श्लोक

आता परत अकरावा श्लोक वाचा. अर्जुनाला ध्यान शिकवायचंय. समोर दोन सैन्यं उभी आहेत, वेळ कमी आहे. आणि भगवंत सुरुवात कुठून करतात? बसायच्या जागेपासून. आसन टोचू नये, हलू नये, थंडी लागू नये, उंचीवरून पडायची भीती नसावी. बाराव्यात मग मन एका ठिकाणी आणायला सांगतात. तेराव्यात शरीर, मान, डोकं सरळ आणि निश्चल. आणि चौदाव्यात एक शब्द येतो, ज्याचा अर्थ आहे भीती गेलेला.

क्रम बघा. उशी, मग स्थिरता, मग निर्भयता. मी पहिल्या दिवशी हा क्रम उलटा लावला होता. घाबरू नकोस, हलू नकोस, दुखलं तर सहन कर. कुठल्याही शास्त्रात असं सांगितलेलं नाही. पतंजलींनीसुद्धा आसनाचं वर्णन करताना स्थिरतेच्या शेजारीच सुख ठेवलंय. आपण त्यातलं सुख काढून टाकतो आणि उरलेल्याला साधना म्हणतो.

पुढे चौतिसाव्या श्लोकात अर्जुन तक्रार करतो की मन फार चंचल आहे, वारा धरून ठेवण्याइतकं अवघड. त्यावर भगवंत काय म्हणतात हे आपल्याला पाठ आहे, अभ्यास आणि वैराग्य. पण त्या उत्तराचा पहिला अर्धा भाग आपण विसरतो. ते आधी कबूल करतात, की हो, शंकाच नाही, मन आवरायला कठीणच आहे. साक्षात योगेश्वर, आणि "एवढं पण जमत नाही?" असं म्हणत नाहीत. आधी म्हणतात, तुझं खरं आहे. मग उपाय सांगतात.

त्या ताईने हेच केलं. आईचं दुखणं खरं मानलं, भीती खरी मानली, आणि मग उपाय केला. चार-चार मिनिटांचा अभ्यास, आणि काचेजवळ ठेवलेलं पदक म्हणजे तेवढ्यापुरतं वैराग्य.

सव्विसावा श्लोक यातला मला सगळ्यात आवडतो. मन जिथे जिथे भरकटेल तिथून तिथून त्याला परत आणावं. त्यात "भरकटू देऊ नये" असं नाही. भरकटणार हे धरूनच चाललंय. आणि याचीही एक जोड मला सापडली. जे रुग्ण हलणारच, लहान मुलं, कंपवात असलेले, त्यांच्यासाठी स्कॅन घ्यायची एक पद्धत आहे, प्रोपेलर नावाची. त्यात ओळी एकाखाली एक न घेता पंख्याच्या पात्यांसारख्या फिरवत घेतात, आणि प्रत्येक पातं मधल्या केंद्रातून जातं. केंद्र पुन्हा पुन्हा नोंदलं गेल्यामुळे गणिताला कळतं की माणूस कधी आणि किती सरकला, आणि ती चूक बरीचशी सुधारता येते. म्हणजे न हलण्याची सक्ती कमी, केंद्राकडे परत येणं जास्त. मला हे वाचून पोथी बंद करून दोन मिनिटं बसावंसं वाटलं. दिवसातून वीस वेळा भरकटलात तरी हरकत नाही, वीस वेळा केंद्रातून जा.

आणि ज्यांना तरीही जमत नाही? तान्ह्या बाळाला दूध पाजून, घट्ट गुंडाळून, झोपलं की स्कॅन करतात. थोड्या मोठ्या मुलांना बऱ्याचदा भूल द्यावी लागते. मोठ्या माणसांनाही कधी औषध देऊन शांत करावं लागतं. ते अपयश नाही. याच अध्यायाच्या शेवटी अर्जुन विचारतो की ज्याचा योग अर्ध्यावर राहिला त्याचं काय. तेव्हा भगवंत त्याला लेकराला मारावी तशी हाक मारून सांगतात, की चांगलं करू पाहणाऱ्याचं कधी वाईट होत नाही. आई पहिल्यांदा फसली तेव्हा मला हा श्लोक आठवायला हवा होता. आठवला असता तर रिक्षातला तो रस्ता वेगळा गेला असता.

चित्रं स्वच्छ आली. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली चकती सरकून नसेवर टेकलीय. डॉक्टरांनी सांगितलं, सध्या ऑपरेशन नको, औषधं आणि फिजिओथेरपी, सहा आठवड्यांनी परत बघू, मध्ये पायातली ताकद कमी झाली तर लगेच या. पाटी उचलणं कायमचं बंद. ते तिला एमआरआयपेक्षा जड जातंय. रोज सकाळी जेट्टीकडे बघत बसते. त्यावर माझ्याकडे अजून श्लोक नाही. फक्त शेजारी बसतो.

आणि हो, मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊंदे, तू बी घाबरला व्हतास." चौदाव्या श्लोकातला तो शब्द माझ्यासाठीही होता हे तिला माझ्या आधी कळलं होतं.

आजचा अभ्यास

एक, आज ध्यानाला किंवा नामाला बसताना पहिली दोन मिनिटं फक्त आसनाला द्या. गुडघा दुखतो तर उशी घ्या, खुर्ची घ्या, पंखा कमी करा. याला आळस समजू नका, अकराव्या श्लोकाचं पालन समजा.

दोन, वीस मिनिटांचा संकल्प सोडा. चार मिनिटं. मग खोका, हला, आणि परत चार मिनिटं.

तीन, घरात कुणाचा स्कॅन ठरला असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की बंद जागेची भीती वाटते किंवा सपाट झोपता येत नाही. आत जायच्या आधी बाथरूमला जाऊन या. उशी मागा, ब्लँकेट मागा, किती मिनिटांचं आहे ते दर वेळी सांगायला सांगा, सोबत थांबता येईल का विचारा. मागायला लाजू नका. आणि फोन बाहेर ठेवा, तुमचा.

चार, आज दिवसभरात "एवढं पण जमत नाही?" हे वाक्य तोंडावर येईल. टीममधल्या ज्युनियरला, आईला, किंवा आरशातल्या माणसाला. आलं की थांबा, आणि त्याऐवजी विचारा, "कुठे दुखतंय?"

उद्या पंधरावा ते एकोणिसावा. वारा नसलेल्या जागी ठेवलेल्या दिव्याचा दृष्टांत त्यातच आहे. खारदांड्यात राहून वारा नसलेली जागा कुठे शोधायची, ते उद्या बघू.

राम कृष्ण हरी.